नवे काही नको

शर्यतीच्या दिवशी नवे काही करू नये, हे लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या धर्मशास्त्रातील आद्य सूत्र आहे. नवे बूट घालू नयेत, नवे मोजे चढवू नयेत, पूर्वी न चाखलेला पदार्थ चाखू नये, परक्या पाण्याला तोंड लावू नये, अनोळखी उशीवर डोके टेकू नये. सरावाच्या दिवसांत जे जे देहाच्या परिचयाचे झाले असेल तेवढ्याचाच त्या दिवशी स्वीकार करावा आणि इतर सर्व वस्तू निषिद्ध मानाव्यात. सूत्र अनुभवसिद्ध आहे, आणि ज्याची शर्यत त्याच्या घराच्या दारातून सुटते त्याला ते पाळण्यास अत्यंत सोपे आहे. परंतु ज्याचा सराव बेंगळुरात व्हायचा आणि शर्यत साताऱ्यात, त्याने या सूत्राचा शब्दशः अवलंब करायचा म्हटले म्हणजे बेंगळूर शहराचा जेवढा भाग त्याच्या देहाच्या परिचयाचा झाला असेल तेवढा सव्वासातशे किलोमीटर वाहून नेणे प्राप्त होते. माझ्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव गेल्या पावसाळ्यात नेमके हेच करण्यास निघाले, आणि त्या मोहिमेवर सामानाचा राखणदार म्हणून माझी नेमणूक झाली.

हा पुतण्या नोकरीनिमित्त आमच्याकडे मल्लेश्वरमात राहतो. बेंगळूर हे समुद्रसपाटीपासून 900 मीटरांहून उंच वसलेले गाव. उन्हाळ्यातसुद्धा पहाटे अंगाला गार वारा लागावा अशी त्याची हवा. या हवेचा उपभोग घेण्यासाठी पूर्वी लोक पेन्शनीत निघाल्यावर येथे येऊन गुलाब लावीत. हल्ली पेन्शनीला पुष्कळ अवकाश असलेली मंडळी त्याच हवेत पळतात. कब्बन पार्क, लालबाग, कृषी विद्यापीठाचे जीकेव्हीकेचे आवार, यांपैकी कोठेही रविवारी पहाटे साडेपाचला जावे तो घामाघूम माणसांचे थवेच्या थवे, मनगटावरील घड्याळाकडे एक डोळा ठेवून, कोणाचा तरी पाठलाग चुकवीत असल्यासारखे चाललेले दिसतात. 2008 पासून या शहरात दरवर्षी दहा किलोमीटरांची मोठी शर्यत होते, आणि ती एकदा पार पाडलेल्या मनुष्यास पुढे एकवीस किलोमीटरांची स्वप्ने पडू लागतात. आमच्या चिरंजिवांना पडली ती साताऱ्याची. सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून भरते. शहरातून सुटून यवतेश्वरचा घाट चढावयाचा, कासच्या रस्त्याने थोडे पुढे जाऊन माघारी वळावयाचे आणि चढलेले सर्व उतरून यावयाचे, असा तिचा मार्ग आहे. 2015 साली डोंगरी धावेत एका वेळी सर्वाधिक माणसे पळवल्याबद्दल तिचे नाव गिनेसच्या बुकातही नोंदले गेले. आईच्या बाजूने साताऱ्याचा असल्यामुळे ही शर्यत म्हणजे आपला जन्मसिद्ध हक्क आहे असे पुतण्यास वाटत होते, आणि घाटाच्या सरावासाठी तो मोटार घेऊन नंदीच्या डोंगरापर्यंत जाई. डोंगर चढून येण्यापूर्वी आणि नंतर तेवढेच पेट्रोल जाळणे ही त्या सरावाची पूर्वांगे व उत्तरांगे होत.

आता येथे एक शास्त्रीय बाब सांगणे आवश्यक आहे. शर्यतीपूर्वीचे दोन-तीन आठवडे धावपटू पळणे उत्तरोत्तर कमी करीत जातो. याला त्या मंडळींच्या भाषेत टेपरिंग म्हणतात, आणि थकलेल्या स्नायूंना विसावा मिळून शर्यतीच्या दिवशी ते ताजे असावेत हा त्यातील हेतू होय. स्नायूंचे काय होते ते मला ठाऊक नाही. परंतु आठवड्याला चाळीस-पन्नास किलोमीटर पळून जी शक्ती खर्ची पडत होती ती एकाएकी शिल्लक पडली म्हणजे तिला काही तरी वाट पाहिजे असते, आणि ती वाट घरातून जाते. ज्या दिवशी पळणे थांबते त्या दिवशी तयारी सुरू होते. पुतण्याने प्रथम यादी केली. माझे आयुष्य सरकारी हिशेबतपासणीच्या कचेरीत गेले असल्याने याद्यांविषयी मला उपजत आदर आहे. पण ही यादी पाहून माझ्यासारख्या मुरलेल्या कारकुनानेही हात टेकले. संगणकावरील त्या जाबत्यास अनेक रकाने होते. वस्तू, नग, वजन, कोणत्या पिशवीत, कोणत्या प्रहरी लागणार, विसरल्यास पर्यायी तजवीज काय, आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. मोज्यांच्या पुढे शेऱ्यात ‘डावा-उजवा निराळा आहे’ असे लिहिले होते. मोज्यांनासुद्धा डावे-उजवे असते हे ज्ञान मला उतारवयात झाले.

मूळ सूत्राचा पहिला प्रहार केळ्यांवर झाला. पुतण्या पळण्यापूर्वी दोन वेलची केळी खातो. ही बोटभर लांबीची, पातळ सालीची गोड केळी, ज्यांना येथे एलक्की म्हणतात, बेंगळुरात कोणत्याही कोपऱ्यावर मिळतात. साताऱ्यातही केळी मिळतात हे मी त्याच्या निदर्शनास आणून दिले. “पण काका, माझ्या पोटाला हीच सवय आहे,” असे तो म्हणाला. सबब दोन दिवसांनी खावयाची केळी आज किती कच्ची असावीत, याविषयी फळवाल्याशी कन्नड, तमिळ आणि हातवारे अशा तीन भाषांत विचारविनिमय झाला, आणि हिरव्या केळ्यांची एक फणी शर्यतीच्या पहाटे बरोबर पिकावी अशा बेताने कागदात गुंडाळण्यात आली.

त्यानंतर पाणी. शर्यतीच्या आदल्या दिवशीचे पाणीदेखील सरावातले असावे, असा विचार त्याच्या मनात बळावत चालल्याचे मला दिसले, तेव्हा मात्र मी हिशेबनीस म्हणून हरकत नोंदवली. बेंगळूरचे नळाचे पाणी हे कावेरीचे. शंभरएक किलोमीटरांवरून पंपांनी वर चढवून आणलेले. सातारा कृष्णेच्या खोऱ्यात. या दोन नद्यांच्या पाण्यासाठी राज्याराज्यांत पिढ्यान्‌पिढ्या दावे चालले, कृष्णेसाठी 1969 साली आणि कावेरीसाठी 1990 साली लवाद बसले, आणि आता हे गृहस्थ कावेरीचे पाणी पाच लिटरांच्या बाटलीत भरून कृष्णेच्या खोऱ्यात नेणार! याला कोणत्या लवादाची परवानगी घेतलीस, असे मी विचारले. विचाराअंती पाणी यादीतून कमी झाले. त्याची जागा फोम रोलर नावाच्या एका दंडगोलाकार उपकरणाने घेतली, ज्यावर मांड्या लाटावयाच्या असतात. ते पाहून आईने, म्हणजे पुतण्याच्या आजीने, “एवढं मोठं लाटणं कशाला रे घेतलंस, मामीकडे असेल की,” असे म्हटले, आणि माझ्या मते त्या उपकरणावर आजवर झालेले ते सर्वांत मार्मिक भाष्य आहे.

परंतु या सर्वांहून गहन असा एक विषय आहे, ज्याचा उल्लेख सभ्य लेखनात टाळण्याची वहिवाट असली तरी धावपटूंच्या मेळाव्यात दुसरा विषयच नसतो. तो म्हणजे प्रातर्विधी. शर्यत सुटण्याची वेळ साडेसहाची असो वा सातची, तत्पूर्वी मनुष्याचे पोट निर्मळ झालेच पाहिजे, अन्यथा घाटाच्या तिसऱ्या वळणावर निसर्ग आपला हक्क बजावतो आणि तेथे काळवेळ, लिंबाची सरबते किंवा टाळ्या वाजवणारी शाळकरी मुले यांपैकी कोणीही उपयोगी पडत नाही. ज्या माणसांशी माझी केवळ लिफ्टमधली ओळख, त्यांनी पुतण्याशी माझ्यादेखत या विषयावर इतक्या मोकळेपणाने आणि इतक्या तपशिलाने चर्चा केली आहे की वैद्याने कानांत बोटे घालावीत. पुतण्याच्या देहाचा हा व्यवहार फिल्टर कॉफीवर अवलंबून आहे. पहाटे चारला कॉफी, साडेचारला फलप्राप्ती, असा त्याचा सरावातील नेम. आता पहाटे चारला साताऱ्यात फिल्टर कॉफी कोण देणार? साताऱ्याच्या चहाने तेच कार्य होईल असे मी सुचवून पाहिले. चहा ‘नवा’ ठरला. म्हणून पितळेचा फिल्टर, चिकोरी मिसळलेल्या पुडीचा डबा, आणि ऐन वेळी फिल्टर तुंबल्यास हाताशी असावा म्हणून आधीच गाळून ठेवलेला डिकॉक्शनचा थर्मास, अशी त्रिस्तरीय व्यवस्था करण्यात आली. इतकी चोख तजवीज मी सरकारी अंदाजपत्रकातही पाहिलेली नाही.

बुटांचे प्रकरण निराळेच. हल्लीचे शर्यतीचे बूट दोनशे ग्रॅमांच्या आसपास असतात, आणि त्यातील वीस-तीस ग्रॅम कमी व्हावेत म्हणून माणसे महिन्याच्या घरभाड्याएवढी रक्कम आनंदाने मोजतात. पुतण्याने स्वयंपाकघरातील काट्यावर एकेक बूट ठेवून वजन केले. त्याच काट्यावर दुपारी बेसन तोलावयाचे असल्याने सौ.ने जे उद्गार काढले ते येथे देण्याजोगे नाहीत. वजन समाधानकारक भरले. मग त्या दोनशे ग्रॅमांच्या रक्षणार्थ एक कडक डबा, ते ओले झाल्यास दुसरा जोड, दुसरा ओला झाल्यास घालावयाच्या सपाता, आणि ओल्या बुटांत कोंबून ओल शोषून घेण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे, असा परिवार जमला. वर्तमानपत्राची ही युक्ती खरोखरीच चांगली आहे. पावसाळी शर्यतीनंतर बुटांत कागदाचे बोळे भरून रात्रभर ठेवले तर सकाळपर्यंत पुष्कळ ओल निघून जाते. माझा प्रश्न एवढाच होता की कागद तरी साताऱ्याचा चालेल की तोही बेंगळूरचा पाहिजे. उत्तर मिळाले नाही. पण इंग्रजी दैनिकांची आठ दिवसांची रद्दी पिशवीत गेली.

निघण्याच्या आदल्या रात्री एक विधी झाला. पुतण्याने आपल्या पलंगावर टोपी, तिच्याखाली बनियनवजा सदरा, त्याखाली अर्धी विजार, मग मोजे आणि बूट, मनगटाच्या ठिकाणी घड्याळ, कमरेच्या ठिकाणी शक्तिवर्धक जेलच्या पुड्यांचा पट्टा, अशी मांडणी करून तिचे छायाचित्र घेतले आणि आपल्या सहकारी धावपटूंस पाठवले. ही चाल सार्वत्रिक आहे. त्या रात्री अशी शेकडो निर्मनुष्य माणसे घरोघरच्या पलंगांवर पहुडलेली असतात. काही राहिले तर ते चित्रात लगेच ध्यानात येते, हा त्यामागील व्यावहारिक हेतू. आई दिवा मालवण्यासाठी खोलीत गेली आणि पलंगावरील तो आकार पाहून किंचाळली. मग तिने त्या कपड्यांवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. मीठ यादीत होतेच, कारण धावताना घामावाटे क्षार जातात. मोहरी मात्र नव्हती.

बातमी एव्हाना बाहेर फुटली होती. बेंगळुरातील मराठी माणसाने महाराष्ट्रात जाण्याचे ठरवले म्हणजे त्याच्या सामानाचे दोन भाग होतात. एक त्याचे स्वतःचे आणि दुसरे ‘जातोच आहेस तर’चे. महाराष्ट्र मंडळातील एका स्नेह्यांनी साताऱ्याच्या भगिनीसाठी मैसूर सिल्कचे लुगडे दिले. शेजारच्या काकूंनी कऱ्हाडला द्यावयाचा औषधांचा पुडा दिला, आणि बस कऱ्हाडवरूनच जाते या माहितीला त्यांनी फार महत्त्व दिले. मैसूरपाकाचे डबे किती आले ते मी मोजण्याचे सोडून दिले. आणि हे सर्व देताना प्रत्येकाने परतीचा मालही सांगून ठेवला, तो एकच: कंदी पेढे. “मी पळायला जातोय हो, पेढे आणायला नाही,” असे पुतण्या कळवळून म्हणाला, त्यावर शेजारच्या काकूंनी, “पळून झाल्यावर मोकळाच असशील ना?” असे विचारले. एकवीस किलोमीटर घाटात पळून आलेला मनुष्य मोकळा असतो, ही कल्पना बेंगळुरातच काय, सर्वत्र दृढमूल आहे.

शहाजीराजांना बेंगळूरची जहागीर मिळाली ती 1638 नंतर, आणि तेथून पुढे काही वर्षांनी त्यांनी बाळ शिवाजीराजांना पुण्याकडे रवाना केले. परमानंदाच्या ‘शिवभारता’त त्या प्रसंगी बरोबर दिलेल्या परिवाराचे वर्णन आहे: हत्ती, घोडे, पायदळ, अमात्य, अध्यापक, ध्वज आणि द्रव्य. तेवढ्या लवाजम्यावर पुढे एक राज्य उभे राहिले. आमच्या दिवाणखान्यातील ढिगाकडे पाहता याच दिशेने निघालेल्या या दुसऱ्या स्वारीत हत्तींची तेवढी उणीव होती, आणि हेतू पाहावा तर अडीच तासांचा.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरज गाठून तेथून साताऱ्याची गाडी धरावी असा माझा विचार होता, परंतु मिरजेच्या जिन्यावरून फोम रोलर चढवण्याच्या कल्पनेनेच तो बारगळला आणि आनंदराव सर्कलवरून सुटणाऱ्या रात्रीच्या शयनबसची तिकिटे निघाली. तेथे हमालाने पिशव्यांना हात घालताच पुतण्याने बुटांचा डबा, बिब म्हणजे छातीवर लावावयाचा क्रमांक मिळण्यासाठीचे कागद आणि केळी ही पोटाशी धरली. शर्यतीचे बूट डिकीत टाकू नयेत हे उपसूत्र होय. कपडे हरवले तर नवे घेता येतात, बूट हरवले तर मूळ सूत्राचा भंग होतो. परिणामी त्या अरुंद शायिकेवर बूट भिंतीकडे, केळी उशाशी आणि पुतण्या त्यांच्या मधल्या फटीत, असा तो रात्रभर निजला. उशी अर्थात घरची होती.

तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी अशी गावे अंधारात मागे पडत गेली. बेळगाव आले तेव्हा मी जागा होतो, आणि मला फडेप्पा चौगुल्यांची आठवण झाली. प्रत्यक्ष पाहिल्याची नव्हे. ते माझ्या जन्माच्या पुष्कळ आधीचे. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती भरल्या असता अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरे सर दोराबजी टाटांच्या दृष्टीस पडली, त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहता फारशा कमी नाहीत असे त्यांना दिसले, आणि त्या एका दुपारच्या आश्चर्यातून पुढल्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटा चमू बोटीने गेला. मॅरेथॉनसाठी त्यात दोघे होते: बेळगावचे चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार. त्या वर्षीची मॅरेथॉन ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब, 42.75 किलोमीटरांची. जिंकली फिनलंडच्या कोलेहमाइनेनने. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत एकोणिसावे आले. दातारांना ती पुरी करता आली नाही. समुद्र नवा, बोटीचे अन्न नवे, थंडी नवी, रस्ता नवा, लोक नवे, भाषा नवी. सूत्राच्या दृष्टीने पाहता त्या दोघांनी त्या दिवशी जुने असे काहीही केले नाही, पाय सोडून. ही हकीकत पुतण्याला सांगावी म्हणून मी पडदा सारला. तो केळ्यांना चाचपून पाहत होता. दोन पिकली होती, दिवसभर आधीच.

साताऱ्यात आम्ही वाढे फाट्यावर उतरलो तो पावसाची झिमझिम चालू होती आणि अजिंक्यतारा ढगात अर्धा बुडालेला. याच किल्ल्याला 1699 च्या अखेरीस औरंगजेबाचा वेढा पडला होता. बाजार, कचेऱ्या, जनानखाना यांसह चालणारे एक शहरच त्याच्या छावणीच्या रूपाने दख्खनभर फिरत असे, आणि मुठीभर दाणे घेऊन घोडे फेकणाऱ्या मराठी स्वारांपुढे त्या अवजडपणाची जी दशा झाली ती शाळेतील पोरांना पाठ असते. आमचे सामान उतरवून घेण्यास दोन रिक्षा लागल्या. आपण या दोहोंपैकी कोणत्या पक्षाचे, हा विचार मी मनातच ठेवला.

बिब घेण्याचे काम दाखला, ओळखपत्र आणि रांग यांच्या साह्याने निर्विघ्न पार पडले. एका गृहस्थास आपल्या आजारी मित्राचा बिब घ्यावयाचा होता, त्यासाठी त्याने सहीचे अधिकारपत्र आणले होते. असे मुखत्यारपत्र पाहून मला कचेरी आठवून भरून आले. खरी परीक्षा संध्याकाळी मंगळवार पेठेत मामीकडे होती. शर्यतीच्या पूर्वसंध्येस साधा भात, थोडे दही, बटाटा, असे पचनास हलके व पिष्टमय अन्न घ्यावे असा दंडक आहे. मामीने पुरण घातले होते.

“एवढासा दहीभात? ताप आहे का रे?” मामीने पुतण्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“नाही मामी, उद्या पळायचंय.”

“म्हणूनच म्हणते, पोटात काही नको का? काका, तुम्ही तरी सांगा त्याला.”

मी काय सांगणार? माझी शर्यत नव्हती. माझ्यावर कोणत्याही सूत्राचे बंधन नव्हते, आणि कटाची आमटी ही मला लहानपणापासून परिचयाची आहे. यजमानिणीच्या मनाचा समतोल राखण्यासाठी पुतण्याच्या वाट्याच्या पोळ्यादेखील मी स्वीकारल्या. पुतण्या घरची उशी घेऊन नऊ वाजता आडवा झाला आणि शर्यतीच्या आदल्या रात्री कोणीही झोपत नाही या नियमाला धरून साडेतीनपर्यंत छताकडे पाहत राहिला. चार वाजता फिल्टर तुंबला, थर्मास कामी आला, फलप्राप्ती झाली. त्या वेळी आतून उमटलेला समाधानाचा हुंकार ऐकून मामीने बाहेरूनच, “झालं का रे?” असे विचारले. एवढ्यात तीही त्या शास्त्रात दीक्षित झाली होती.

शर्यत सुटण्याच्या जागी मी सर्वांत मोठी पिशवी घेऊन झाडाखाली उभा राहिलो. पुतण्या अखेर ज्या वस्तू अंगावर घेऊन रांगेत शिरला त्या पाहून मला मौज वाटली: सदरा, विजार, मोजे, बूट, बिब, दोन जेल. वक्षःस्थळावरील नाजूक जागा घामट कापडाने सोलवटू नयेत म्हणून लावलेल्या दोन चिकटपट्ट्या धरल्या तरी हा सर्व ऐवज किलोभराच्या आत भरला असता. बाकी सारे माझ्याजवळ राहिले.

आणि मग त्या सामानाचे दैव उघडले. प्रथम एक कॉलेजातला मुलगा आला; बिब लावण्यास त्याला चौथी पिन मिळाली नव्हती. पुतण्याने सेफ्टी पिनांचे अख्खे पान आणले होते. पिन दिली, तो आणखी दोघे आले. कोणाला व्हॅसलीन पाहिजे होते, कोणाला घोट्याला पट्टी, कोणाला मीठ, कोणाला बुटाची नाडी. एका पोक्त बाईंना डोके झाकण्यास प्लास्टिकची पिशवी हवी होती आणि त्या माझ्याकडे पाच आकारांत होत्या. जावळी खोऱ्यातून आलेल्या, कॅन्व्हासचे बूट घातलेल्या दोन पोरांनी काहीच मागितले नाही, तेव्हा त्यांना मी आग्रहाने मैसूरपाक दिला. शर्यतीच्या पाच मिनिटे आधी त्यांनी तो प्रथमच चाखला आणि मजेत खाल्ला. पाहता पाहता झाडाखाली रांग लागली. मी चष्मा लावून, जुन्या सवयीने, कोणाला काय दिले याची नोंद रद्दीच्या कोपऱ्यावर करू लागलो, आणि संयोजकांनीच ही सोय केली आहे असे समजून एका स्वयंसेवकाने मला बिस्किटे व चहा आणून दिला. पावसाची सर जोरात आली तेव्हा पाटणचे एक मास्तर धावत आले आणि, “साहेब, सुटेपर्यंत डोक्यावर धरायला काही द्या,” असे म्हणाले. मी निळा टॉवेल दिला. तेवढ्यात शर्यत सुटली.

तो सर्व समुदाय घाटाच्या दिशेने नाहीसा झाल्यावर मी हिशेब जुळवीत बसलो. यथावकाश एकेक जण परतू लागले. कॅन्व्हासच्या बुटांचे ते दोघे पुष्कळ आधी आले आणि उरलेला मैसूरपाक आहे का असे विचारून गेले. पुतण्या आला तो सव्वादोन तासांच्या थोडा पुढे, नखशिखांत भिजलेला, कुडकुडणारा, गळ्यात पदक, आणि चेहऱ्यावर परमसंतोष. आल्याआल्या त्याने हात पुढे केला.

“काका, टॉवेल द्या. निळा. घरचा.”

“तो घाटात आहे,” मी नोंद पाहून म्हणालो.

“टॉवेल?”

“हो. पण एव्हाना उताराला लागला असेल.”